लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याने डोंगरमाथ्यावर : अनुभव धागा

सिअ‍ॅटलहून आय-९० महामार्गाने पूर्वेकडे निघाले की तासाभराच्या आत इसाक्वा आणि नॉर्थ बेंड ही गावे लागतात आणि त्यांच्या पाठीशी कॅस्केड पर्वतरांगेचे पहिले डोंगर उभे राहतात. आज हे डोंगर इतके हिरवेगार दिसतात की येथील बहुतेक मूळ जंगल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोडून नेले होते, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. आधी ओंडके वाहून नेण्यासाठी आगगाडीचे रूळ टाकले गेले, नंतर ट्रक आले आणि त्यांच्यासाठी डोंगर कापून रस्ते काढले गेले. लाकूड संपले, ट्रक गेले, रस्ते मात्र राहिले. त्यांतले काही आता पायी फिरणाऱ्यांच्या वाटा झाले आहेत.

सह्याद्रीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या रस्त्यांची सवय व्हायला वेळ लागला. आपली घाटवाट सोंड धरून सरळ वर चढते; येथे भरलेल्या ट्रकला झेपेल एवढाच चढ ठेवायचा असल्याने रस्ता डोंगराला वळसे घालत जातो, अंतर दुप्पट होते आणि गुडघे शाबूत राहतात. अशा रस्त्याने एका दिवसात माथ्यावर जाऊन आलेल्या सर्वांनी आपला अनुभव लिहावा, अशी विनंती करते. माथ्यावरून काय दिसले हे लिहाच, पण रस्त्याने काय दाखवले तेही आवर्जून लिहा, कारण तेच सहसा लिहायचे राहून जाते.

सुरुवात मी करते. माउंट टेनेरीफ हा सुमारे ४,८०० फूट उंचीचा डोंगर सुप्रसिद्ध माउंट साय याच्या शेजारीच आहे. धबधब्यावरून जाणारी वाट छातीवर येते. त्याऐवजी जुना लाकूडतोडीचा रस्ता धरला तर जाऊन-येऊन तेरा-चौदा मैल पडतात आणि एकूण चढ सुमारे ३,८०० फुटांचा होतो. आम्ही मे महिन्यात सकाळी साडेसहाला निघालो. रस्त्याची रुंदी अजून शिल्लक असल्याने दोघांना शेजारी शेजारी बोलत चालता येते, हे मला फार आवडले. दोन्ही बाजूंना रेड ऑल्डरची झाडे जवळजवळ एकाच वयाची, एका रांगेत उभी होती. उघड्या पडलेल्या मातीत सर्वांत आधी ऑल्डर येतो आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र पुरवतो, त्यामुळे सूचिपर्णी जंगलात मध्येच ऑल्डरचा पट्टा दिसला तर तेथे कधीकाळी रस्ता होता असे समजायला हरकत नाही. शेवटचा टप्पा मात्र रस्ता सोडून धारेवरून चढावा लागतो आणि आम्हाला तेथे बर्फ लागला. माथ्यावर वारा एवढा होता की पंधरा मिनिटांत निघालो. दक्षिणेला माउंट रेनियर पूर्ण उघडा होता आणि त्या पंधरा मिनिटांत आमच्यापैकी कोणीही फोटोपलीकडे एक शब्द बोलले नाही.

बेलव्ह्यूहून

माझ्या सासूबाई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन टायगर माउंटनवरच्या पूपू पॉइंटला गेलो. ही जागा सुमारे १,८५० फुटांवर आहे आणि तेथून पॅराग्लायडर उड्या घेतात. इसाक्वाच्या हायस्कूलजवळून निघणारी वाट लांब असली तरी तिचा बराच भाग जुन्या लाकूडतोडीच्या मार्गांवरून जातो, म्हणून आम्ही ती निवडली.

मुलाला नावाचे हसू येत होते, म्हणून नावामागची हकीकत त्याला वाटेतच सांगितली. तोडलेले ओंडके तारेच्या दोराने ओढण्यासाठी वाफेवर चालणारे एक यंत्र असे, त्याला कामगार ‘डाँकी’ म्हणत. कॅलिफोर्नियाच्या जॉन डॉल्बीअर यांनी त्याचे पेटंट १८८२ मध्ये घेतले. यंत्र चालवणाऱ्याला दरीतला ओंडका दिसत नसे, त्यामुळे केव्हा ओढायचे आणि केव्हा थांबायचे याच्या खुणा शिट्टीने दिल्या जात आणि त्या शिट्टीच्या ‘पू-पू’ आवाजावरून या जागेला हे नाव मिळाले.

वाटेत सीडरचा एक जुना बुंधा लागला. माणसाच्या डोक्याहून उंच, आतून पोखरलेला, वर हेमलॉकचे चांगले मोठे झाड उगवलेले आणि त्याची मुळे बुंध्याला मिठी मारून जमिनीपर्यंत उतरलेली. त्याच्या अंगावर छातीच्या उंचीला दोन आडव्या खाचा होत्या, अगदी डोळ्यांसारख्या. सीडर बुडाशी फार फुगलेला असतो, म्हणून तोडणारे कामगार खाचेत फळी अडकवत, तिच्यावर उभे राहत आणि दोघे मिळून लांब करवत चालवत. सासूबाईंनी एका खाचेत हात घातला. आत मऊ शेवाळ होते आणि शेवाळात बोटभर उंचीचे लाल हकलबेरीचे रोप. कुऱ्हाडीचे घाव अजून बोटांना लागत होते. त्या म्हणाल्या, “अगं, ही खाच किती नीट केलीय बघ. उभं राहायचं होतं ना त्याला इथं.” आम्ही तिघांनी हात धरून बुंध्याला कवेत घ्यायचा प्रयत्न केला, पण हात पुरले नाहीत. पूपू पॉइंटवरची उड्डाणे सुंदर होती, तरी घरी आल्यावर त्यांनी फोनवर साताऱ्याला सांगितले ते त्या बुंध्याविषयी.

रेंटनहून

मी बँडेरा माउंटनला जुलैमध्ये गेलो. छायाचित्रकार आयरा स्प्रिंग यांच्या नावाच्या वाटेने सुरुवात होते आणि पहिला भाग जुन्या रस्त्यावरून जातो. त्यानंतर मेसन लेकचा फाटा सोडून उजवीकडची वाट थेट अंगावर येते. खालचा रुंद रस्ता पाहून वेळेचा अंदाज बांधू नये, कारण माझा अंदाज दीड तासाने चुकला. वरच्या उतारावर बेअरग्रासचे पांढरे तुरे गुडघाभर उंच फुलले होते. येथे राष्ट्रीय वनाचा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो. टायगर आणि टेनेरीफ राज्याच्या ताब्यातील जमिनीवर असल्याने तेथे डिस्कव्हर पास चालतो. माथ्याजवळ सावली अजिबात नाही, तेव्हा तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे.

रेडमंडहून

माझा अनुभव एका चुकीचा आहे आणि म्हणूनच तो सविस्तर लिहितो. नोव्हेंबरमध्ये मी आणि माझा सहकारी अशाच एका जुन्या रस्त्याने दुपारी बाराला निघालो. भ्रमणध्वनीवरच्या नकाशात रस्त्याचा एक फाटा जाड रेघेने दाखवलेला होता आणि त्याने गेल्यास दोन मैल वाचतात असे दिसत होते. फाट्याच्या तोंडाशी मातीचा आडवा बांध आणि त्याच्यामागे खोल चर होता. आम्ही तो ओलांडला. पहिले पाव मैल रस्ता ठीक होता, पुढे ऑल्डरची बोटाएवढी रोपे दाटीने उगवलेली होती, त्यानंतर सॅमनबेरीचे काटे आणि शेवटी एका ओढ्यापाशी रस्ता होताच कुठे असा प्रश्न पडला. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी केलेल्या मोरीचा गंजलेला पन्हळी पत्र्याचा नळ हवेत लोंबकळत होता आणि त्याच्याखालचा सगळा भराव ओढ्याने वाहून नेला होता. वीस फूट खाली घसारा होता. सहकारी उतरायला तयार झाला, मी नाही म्हणालो, आणि त्याने माझे ऐकले याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

परत मुख्य रस्त्याला लागेपर्यंत चार वाजून गेले. येथे नोव्हेंबरच्या अखेरीस साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच काळोख होतो. दोघांत एकच डोक्यावरचा दिवा होता. पाऊस सुरू झाला. उरलेले तीन मैल मी पुढच्याच्या जाकिटाचे टोक धरून चाललो.

नंतर वाटांच्या डागडुजीचे काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाने मला समजावून सांगितले की तो बांध आणि चर मुद्दाम केलेले असतात. डोंगरातल्या रस्त्याची मोरी पाचोळ्याने तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहू लागते, भराव खचतो आणि सगळा गाळ खालच्या ओढ्यात जाऊन माशांची अंडी घालण्याची जागा बुजते; म्हणून नको असलेले रस्ते रीतसर बंद करतात, मोऱ्या काढून टाकतात आणि पाण्याला वाट करून देतात. नकाशावरची रेघ मात्र पुसली जात नाही. आता बांध दिसला की मी मागे वळतो, आणि नोव्हेंबरमध्ये दुपारी बाराला कोणताही डोंगर चढायला घेत नाही.

इसाक्वाहून

माझे बालपण गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ गेले. वडील जंगलाच्या कामावर होते, त्यामुळे कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), डेपो, थप्पी हे शब्द घरात रोज कानांवर पडत, आणि कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती पूर्वी सागाचे ओंडके ओढत असत, हे वडिलांनी आम्हाला ते हत्ती दाखवायला नेले तेव्हा सांगितले होते. म्हणून टायगर माउंटनवरच्या जुन्या रस्त्याने चालताना मला परके वाटत नाही. उतारावर पावसाचे पाणी रस्त्याच्या कडेला कसे वळवले आहे, ओंडके रचायला सपाट जागा कोठे काढली असेल, हे माझी नजर आपोआप शोधते.

वरील लिखाणात एक गोष्ट राहिली आहे असे मला वाटते. आपण ज्या जागेला व्ह्यू पॉइंट म्हणतो, ती अनेकदा तोडीमुळेच मोकळी झालेली असते. पूपू पॉइंटचा उघडा उतार हा मुळात तोड झालेला कूपच आहे. टायगरवर आजही काही भागांत राज्य सरकार लाकूड तोडते; वॉशिंग्टनच्या १९७४ च्या वनकायद्यामुळे तोडीनंतर पुन्हा लागवड करणे बंधनकारक आहे, त्यामुळे एका बाजूला नुकतीच उघडी झालेली टेकडी आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढी डग्लस फरची रोपे असे दृश्य दिसते. रॅटलस्नेक माउंटनच्या धारेवर एक जागा आहे, जेथे अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बसले तेव्हा समोर माउंट सायची संपूर्ण भिंत दिसत होती. गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच दगडावर बसले तर फरचे शेंडे मध्ये आले होते आणि सायचा फक्त वरचा सुळका उरला होता. वाईट वाटले हे खरे आहे, आणि झाडे वाढली म्हणून वाईट वाटावे याचेही वाईट वाटले. वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घेर किती झालाय?” मी मोजला नव्हता. पुढच्या वेळी टेप घेऊन जाणार आहे.

धागाकर्तीकडून

बेलव्ह्यूच्या ताईंनी विचारले आहे की सासूबाईंना टेनेरीफचा रस्ता झेपेल का. धबधब्याच्या फाट्यापर्यंतचा भाग रुंद आणि सौम्य चढाचा आहे, तेथपर्यंत त्यांना अवश्य न्या आणि तेथून परत फिरा. वरच्या भागात बर्फ अनेकदा मेअखेरपर्यंत टिकतो. शनिवारी सकाळी वाहनतळ लवकर भरतो, आम्ही साडेसहाला पोहोचलो तेव्हाही बरीच वाहने आधीच उभी होती. रेडमंडच्या दादांनी लिहिलेला आडवा बांध या रस्त्यावरही काही फाट्यांच्या तोंडाशी दिसतो, तेव्हा मुख्य रस्ता सोडू नका. आणि काठी जरूर घ्या, कारण चढताना जाणवत नाही, पण ट्रकसाठी टाकलेली खडी उतरताना पायाखालून सरकते.