तारेच्या सावलीपुरती भरपाई घेऊ नका

जमिनीवरून मनोऱ्यांची वीजवाहिनी जाते म्हणून भरपाई मागितली की ऐकवतात, ‘जमीन तुमच्याच नावावर राहते, तार तर हवेत आहे, मग भरपाई कसली?’ हा मुद्दा कागदावर बरोबर वाटतो, पण सातबारा नावावर असून मजला चढवता येत नसेल तर त्या नावाचं करायचं काय? सगळे जमीनमालक भरपाईचा दर किती यावरच भांडताहेत. मला वाटतं खरी मेख रुंदीत आहे. मोजणीवाले आमच्याकडे आले ते सकाळी, वारा पडलेला असताना, आणि दोन टोकांच्या तारांमधलं अंतर टेपने घेऊन ‘एवढाच पट्टा’ म्हणून मोकळे झाले. वास्तविक तार एका जागी राहत नाही. प्रवाह वाढला, ऊन चढलं की ती तापून लांबते आणि मधोमध खाली येते. वारा सुटला की आडवी झुलते. बांधकामाला मनाई असलेला पट्टा हा झोल, हे झुलणं आणि त्यावर सुरक्षित अंतर धरून ठरतो, म्हणजे सावलीपेक्षा बराच रुंद. भरपाई मागायची ती त्या पट्ट्याची.

आणखी एक, सही करण्याआधी करारात व्होल्टेज किती आणि सर्किट (म्हणजे तारांचे संच) किती हे आकड्यात लिहून घ्या. नुसतं ‘वीजवाहिनी’ लिहिलं असेल तर उद्या त्याच मनोऱ्यांवर दुसरं सर्किट चढेल आणि तुम्ही जुनाच कागद दाखवत बसाल. आमच्या कागदात नेमका तोच शब्द आहे.