सेदरच्या ताटात फलक वाढायचे का?

शनिवारतेली: काल फिरलेली न्यू जर्सीची पोस्ट वाचली. सुधारणावादी सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनालयाच्या) शाळेत पेसाहला, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, मुलांनी देवाने इजिप्तवर धाडलेल्या दहा पीडांच्या कागदी लगद्याच्या बाहुल्या केल्या. टोळांच्या जागी प्लॅस्टिक, काळोखाच्या जागी बंदुका. मग त्याच बाहुल्या घेऊन मोर्चा, आणि खाली 'हीच खरी श्रद्धा'! डोकंच फिरलं. नऊ वर्षांच्या पोराला आधी सेदरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, मुलं विचारतात ते 'मा निश्ताना'चे चार प्रश्न तर येऊ देत. उद्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, मलिद्याच्या प्रसादाच्या ताटात पोह्यांऐवजी निषेधपत्रक ठेवाल.

जर्सीची_जाऊबाई: पोस्ट माझ्या जावेची आहे, म्हणून बोलते. हे खूळ तिचं नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला वर्ष झालं त्या दिवशी, 4 एप्रिल 1969 ला, आर्थर वास्को या ज्यू कार्यकर्त्याने वॉशिंग्टनमध्ये चर्चच्या तळघरात सेदर केला. सुमारे आठशे माणसं, काळी-गोरी, ज्यू-ख्रिस्ती. त्याआधी 1965 ला सेल्माच्या, काळ्यांच्या मतहक्काच्या मोर्चात रब्बी (ज्यू धर्मगुरू) हेशेल चालले होतेच.

शनिवारतेली: हेशेल शब्बाथचा शनिवार पाळायचे आणि तालमूद हा धर्मग्रंथ कोळून प्यालेले होते. आधी ते, मग मोर्चा.

संत्रंसोला: या शाळांमध्ये गोष्टीही धड सांगत नाहीत. माझी लेक घरी येऊन म्हणाली, बाईमाणसाने बिमावर (सिनेगॉगमधल्या वाचनाच्या चौथऱ्यावर) चढणं म्हणजे सेदरच्या ताटात संत्रं, असं कुणी पुरुष ओरडला म्हणून आपण संत्रं ठेवतो. साफ खोटं! हेशेल यांचीच मुलगी सुझॅना, तिने ते ठेवलं समलिंगी ज्यूंसाठी. फोड खायची, बिया, म्हणजे त्यांच्याबद्दलचा द्वेष, थुंकायच्या. शाळेतल्या बाईंना सांगितलं तर म्हणतात, 'आशय महत्त्वाचा'.

पेटीमास्तर: कला आणि श्रद्धा एकत्र आली म्हणून एवढा गहजब? आपल्या पणज्यांनी 1880 च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तन सुरू केलं, ते काय सिनाई पर्वतावरून देवाने दिलं?

शनिवारतेली: कीर्तनाला हात लावू नका, मास्तर. आजोबा योसेफाचं आख्यान लावायचे. भावांनी त्याला विकलं तिथे पेटी थांबवायचे, आणि बायका पदर डोळ्याला लावायच्या. तिथे कुणी घोषणा देत नव्हतं.

पेटीमास्तर: माझे आजोबा त्याच आख्यानात हुंडा घेणाऱ्यांना 'भावाला विकणारे' म्हणायचे. पुढच्या रांगेतला एक वरबाप उठून गेला होता, साखरपुडा मोडला. सोयीचं तेवढं आठवतं तुम्हाला.

संत्रंसोला: यांचं कीर्तन चालू झालं. आता पेसाह संपेपर्यंत संपत नाही.

लोद_ते_लालबाग: तेली काका, एक विचारतो, राग मानू नका. 1962 ला इथे इस्रायलमध्ये रब्बीनेटने, म्हणजे मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेने, आपल्या लग्नांसाठी पूर्वज तपासायचं फर्मान काढलं. 1964 ला आपली माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आपण पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. माझी आई तेव्हा सात वर्षांची. आजीने तिला शाळा बुडवून नेलं होतं. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं, फलक उलटा धरला होता. तिला घरी बसवून चार प्रश्न पाठ करून घ्यायला हवे होते का?

शनिवारतेली: तो आपल्या हक्काचा प्रश्न होता. प्लॅस्टिकचा नव्हे.

जर्सीची_जाऊबाई: हो ना, आपल्या पोटात दुखलं तेवढाच धर्म.

शनिवारतेली: बरं बाई, जिंकलात. 1964 चं मान्य. पण दहा पीडांतला बेडूक तरी ठेवलाय का, तोही कारखाना केलाय?

जर्सीची_जाऊबाई: बेडूक आहे. हिरवा, एक डोळा पडलेला. आणि पुतण्याला चारही प्रश्न पाठ आहेत. चाल आजीची.

शनिवारतेली: चाल रेकॉर्ड करून पाठवा, मग बघू. आणि मास्तर, तुमच्या आजोबांची आख्यानाची वही शिल्लक असेल तर फोटो टाका. आमची पुरात गेली.