तांब्याच्या इलेक्ट्रोडवर नुसता हायड्रोजन येतोय, मदत हवी आहे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कार्बन डायऑक्साइडपासून विजेने इथिलीन बनवतोय. तांब्याचा पत्रा, ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, मध्ये नॅफिऑनचा (फक्त धन आयन जाऊ देणारा) पडदा. चांदीवर कार्बन मोनॉक्साइड, कथलावर फॉर्मेट; हायड्रोकार्बन हवे तर तांबंच, हे जपानच्या योशिओ होरींनी १९८०च्या दशकातच दाखवलंय. आमच्याकडे सुरुवातीला इथिलीन दिसतं, मग तासाभरात गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) हायड्रोजनच हायड्रोजन!

मला संशय बायकार्बोनेटमधल्या लोहाच्या अंशाचा. तो तांब्यावर बसला की खेळ खल्लास. सर म्हणतात, कार्बन डायऑक्साइडच पुरेसा विरघळत नाही. पण मग सुरुवातीला तरी इथिलीन कसं आलं असतं?

ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घालू, की आधी दुसऱ्या इलेक्ट्रोडवर प्री-इलेक्ट्रोलिसिस करून (म्हणजे प्रयोगाआधीच वीज सोडून लोह त्यावर बसवून) द्रावण शुद्ध करू? धातूचे आयन शोषणारं महागडं रेझिन परवडणार नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी करंट आणि वेळ सांगाल का?