मदत हवी आहे: ‘१.१’ म्हणजे नेमकी किती जमीन? (पायथन, डेटा तपासणीची छोटी लायब्ररी)

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीचं काम माझ्याकडं आहे. सोयाबीनची खरेदी सुरू व्हायच्या आत यादी साफ करायचीय. गावोगावची पोरं एक्सेलमध्ये भरून पाठवतात, आणि ते तपासायला मी पायथनमध्ये एक लायब्ररी लिहिलीय. दर नियमाला एक फंक्शन. त्याला व्हॅल्यू दिली की ते ‘बरोबर’ म्हणतं, नाहीतर मराठीत कारण सांगतं. एका शेतकऱ्याच्या सगळ्या चुका एकदम येतात. पहिल्याच चुकीवर थांबलं तर त्याच माणसाला पुन्हा पुन्हा फोन करत बसावं लागतं.

सोपे रकाने झाले. मोबाइल १० अंकी, सुरुवात ६ ते ९ पैकी. आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) ११ जागांचा, पहिली चार अक्षरं, पाचव्या जागी शून्य. ‘पिनकोड ४३१ने सुरू झाला तरच मराठवाडा’ असा नियम एकानं सुचवला होता. तो घेतला नाही ते बरं, कारण लातूर-धाराशिवचे पिन ४१३ने सुरू होतात. आमचा अख्खा तालुका बाद झाला असता.

अडलंय ते असं.

नावात फक्त अक्षरं असावीत म्हणून पायथनचं तयार ‘इज-अल्फा’ लावलं, तर ‘कमल’ पास आणि ‘सीता’ नापास! अंकांचं उलटं. मराठी अंकांत लिहिलेला पिन पायथनला चालतो, पण मोबाइलवरच्या फॉर्मचं जावास्क्रिप्ट त्याला अंकच मानत नाही.

खरी डोकेदुखी क्षेत्राची. आमच्याकडं ‘२.३५’ म्हणजे दोन एकर पस्तीस गुंठे. दशांश नव्हे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून टिंबानंतरचा आकडा ४०च्या आत हवा असा नियम केला. पण कुणी एक एकर दहा गुंठे म्हणून ‘१.१०’ टाकलं की एक्सेल शेवटचं शून्य खाऊन ‘१.१’ करतं. आता हे एक एकर एक गुंठा, एक एकर दहा गुंठे, की खरोखरच सव्वाएकराच्या अलीकडचं १.१ एकर? नियमाला तिन्ही बरोबरच दिसतात.

आणि एक तत्त्वाचा प्रश्न. तपासणाऱ्या फंक्शननं व्हॅल्यू स्वतः दुरुस्त करावी का, की फक्त बरोबर-चूक सांगून गप्प बसावं?

मांजराकाठ:
नावाचं आधी सांगतो. ‘इज-अल्फा’ फक्त स्वतंत्र अक्षरं मोजतं. काना, मात्रा, वेलांटी युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांची प्रमाण यादी) ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात, म्हणून ‘सीता’ अडकते आणि ‘कमल’ सुटते. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समधलं (मजकुराचा साचा तपासायची सोय) ‘कुठलंही अक्षर किंवा अंक’ या अर्थाचं ‘डब्ल्यू’सुद्धा तिथंच अडखळतं. अक्षर आणि मार्क असे दोन्ही वर्ग चालू दे, शिवाय स्पेस. ‘कुऱ्हाडे’सारख्या आडनावांकडं लक्ष ठेव. तो ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत न दिसणारा जोडक येतो, तो मार्क नसल्यामुळं त्याला वेगळी परवानगी लागेल. दोन्ही नावं पडद्यावर सारखीच दिसतात, पण तुलना केली तर दोन माणसं निघतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, ते हातानंच करावं लागतं.

दुरुस्तीचं म्हणशील तर, जिथं एकच अर्थ निघतो तिथं खुशाल दुरुस्त कर. मराठी अंक इंग्रजी कर, मागचापुढचा स्पेस काढ, आयएफएससीच्या पाचव्या जागी कुणी ‘ओ’ टाकला तर शून्य कर. सहाव्या जागेपासून पुढं मात्र ‘ओ’ला हात लावू नकोस, तिथं अक्षरही चालतं. दोन अर्थ निघाले की माणसाला विचारायचं. आणि काम दोन फंक्शनांत वाट: एक साफ करणारं, एक तपासणारं. मूळ व्हॅल्यू जपून ठेव, उद्या कुणी ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ म्हणालं तर दाखवता येईल.

कोडवाला:
पायडँटिक ही डेटा तपासणीची तयार लायब्ररी वापरा की. चाक पुन्हा कशाला घडवताय?

मांजराकाठ:
@कोडवाला, पायडँटिक चांगलंच आहे, पण ‘१.१’चं उत्तर त्याच्याकडंही नाही. तेही मजकुरातला आकडा आपणहून संख्येत बदलतं. ते नको असेल तर स्ट्रिक्ट मोड लावावा लागतो. म्हणजे दुरुस्त करावं की नुसतं तपासावं, हा वाद तोच.

तलाठी (निवृत्त):
बाळा, गेलेलं शून्य कुठलाही नियम परत आणणार नाही. पुढच्या यादीत एकर आणि गुंठे असे दोन रकाने कर, म्हणजे टिंबाची भानगडच मिटली. जुन्या यादीसाठी आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) मागव. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंभर आरचा एक हेक्टर. एक गुंठा साधारण १.०१ आर. एक एकर एक गुंठा म्हणजे एकेचाळीस गुंठे, ०.४१ हेक्टर, १.१ एकर म्हणजे चव्वेचाळीस गुंठे, ०.४५ हेक्टर, आणि एक एकर दहा गुंठे म्हणजे ०.५१. तिन्ही पुरेसे लांब आहेत, एक आर इकडंतिकडं धरून जो जुळेल तो घे. नुसता सातबारा पाहू नको, सामाईक गटात चुलतभावांचं क्षेत्रही त्यातच असतं.

धागाकर्ता:
काका, हे भारी झालं. दोन रकाने आजच करतो. ज्यांच्या आकड्यात टिंबानंतर एकच अंक आहे, तेवढ्यांचेच आठ-अ मागवतो. बाकीच्यांना त्रास नको. एकच शंका: पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरून जुळवायचं की सोडून?

तलाठी (निवृत्त):
शेतकरी तोंडी सांगतो ते बहुतेक वेळा पोटखराब्यासकट. आधी एकूण क्षेत्राशी जुळव, नाही जमलं तर लागवडीयोग्य क्षेत्राशी. दोन्हीकडं नाही जुळलं तर आकडा बदलू नको, फोन कर.