सल्ला हवा: मंडळाकडे ६० हजार शिल्लक आहेत, गाडीवाल्यांसाठी काय करावं?

काळीमाती_केज:
राम राम मंडळी. आमचं गाव केज–कळंब रस्त्याला लागून आहे. घरटी एक तरी मोटरसायकल आहे, शंभर-सव्वाशे सीसीचीच, दुसरं काही नाही. गणपतीच्या वर्गणीतून साठ हजार उरलेत. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत काहीतरी कामाचं करायचं आहे. अर्धी पोरं म्हणतात जुनी व्हॅन घेऊन रुग्णवाहिका करू, अर्धी म्हणतात हेल्मेट वाटू. मोठा मार लागला की पेशंट केजला, तिथून अंबाजोगाईला स्वारातीला म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्यात, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर लातूर नाहीतर संभाजीनगर. दवाखान्यावरचा हा भार गावाच्या बाजूनं कमी करता येईल असं काय करावं? हवेतल्या गप्पा नकोत, सामान आणि माप सांगा.

ट्रॉमा_ड्यूटी:
व्हॅनचा विषय आधी मिटवा. रुग्णवाहिका म्हटलं की रात्री दोनलाही हजर असणारा ड्रायव्हर, डिझेल, विमा, पासिंग, ऑक्सिजन आणि तो लावता येणारा माणूस लागतो. साठ हजारांत हे सहा महिनेही चालणार नाही, मग ती गाडी देवळामागं उभी राहणार. १०८ ची गाडी डॉक्टरसकट येते आणि पैसे लागत नाहीत.

डोक्याच्या एका पेशंटला काय काय लागतं ते बघा. सीटी स्कॅन, रक्त, भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटरचा बेड, न्यूरोसर्जन, आणि बाहेर व्हरांड्यात आठ-दहा दिवस मुक्कामाला बसलेले चार नातेवाईक. तो बेड अडला की सर्पदंशाचा किंवा बाळंतपणात बिघडलेला पेशंट पुढं रेफर होतो. त्यामुळं पैसा डोकं फुटू नये यावर घाला. हेल्मेट द्या, पण फुकट वाटू नका. निम्मे पैसे मंडळाचे, निम्मे वापरणाऱ्याचे. फुकटचं हेल्मेट आरशाला लटकतं.

दहा_बाराचा_पाना:
सहमत. पण घाऊक शंभर एकाच मापाची आणू नका, तिथंच सगळे फसतात. कपड्याच्या टेपानं भुवईच्या एक बोट वर आणि मागं डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून घेर मोजायचा. ५८ सेंटिमीटर आला तर ५८० लिहिलेलं एम, ६० ला ६०० म्हणजे एल. दोन मापांच्या मधला घेर असेल तर लहान घालून बघा, आतला स्पंज महिनाभरात बसतो.

घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागची कड धरून पुढं ढकला. हेल्मेट डोक्यावरून निघालं तर ते माप नाही. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटं बसावीत, तिसरं नको.

आपल्याकडची खरी गोम रुमालात आहे. उन्हाचं पंचा गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात, माप पंचासकट घेतात, आणि थंडीत पंचा गेला की तेच हेल्मेट बादलीसारखं हलतं. आत सुती पातळ टोपी चालते, त्यापेक्षा जाड काही नाही.

मांजराकाठ:
हाफ हेल्मेट चालेल का? उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, फुल घालून कुणी फिरणार नाही. लोक घालतील ते द्यावं.

ट्रॉमा_ड्यूटी:
नाही दादा. माणूस तोंडावर पडतो, आणि जबडा तुटला की रक्त घशात उतरून श्वास अडतो. हनुवटी झाकणारंच घ्या, हवेची भोकं असलेलं, आणि काच पारदर्शक. काळ्या काचेनं रात्री उसाची ट्रॉली दिसत नाही. गावात हळू जाताना काच वर करा, हेल्मेट काढू नका.

दहा_बाराचा_पाना:
आणि शिक्का तपासा. आयएसआयच्या खुणेवर आयएस ४१५१ हा हेल्मेटचा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर माल परत. जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला दीडशे-दोनशेला मिळतं. त्यात आतला थर्माकोल बोटानं दाबला तरी चेपतो. चांगल्या हेल्मेटमधला कडक थर एकदा आदळून चेपला की पुन्हा काम करत नाही, म्हणून अपघातात वापरलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी फेकायचं.

काळीमाती_केज:
हे पटलं. तीस हजार हेल्मेटला. उरलेल्याचं?

रेडियमवाला_लातूर:
माझं मत विचाराल तर उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर टेप. तुमच्या रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च रात्री मरण तिथंच उभं असतं.

हिशोब बघा. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा, पुढं ड्रम ब्रेकनं थांबायला अंदाजे अठ्ठावीस मीटर. म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. शंभर सीसीच्या गाडीच्या डिप्परमध्ये मातकट ट्रॉली तेवढ्या लांबून दिसतच नाही. चाळीसच्या वेगात हेच अंतर तेवीस-चोवीस मीटरवर येतं.

टेप दोन इंची घ्या, एआयएस ०९० हा रिफ्लेक्टर टेपाचा मानक क्रमांक छापलेला. मागं लाल, बाजूला पिवळा, पुढं पांढरा. चमकी कागद घेऊ नका, तो पहिल्या पावसात पांढरा पडतो. लावताना आधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, थिनरच्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या, दुपारच्या उन्हात पत्रा तापलेला असताना चिकटवा आणि फडक्यानं मधून कडेला दाबत जा. मातीवर लावलेला टेप आठ दिवसांत सालासारखा निघतो.

आता सगळे विसरतात ते. ऊस भरला की वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, मागच्या फळीच्या दोन-तीन फूट बाहेर येतं आणि फळीवरचा टेप झाकला जातो. म्हणून लाल जाड कापडाच्या पट्टीवर टेप शिवून घ्या, दोन्ही टोकांना सुतळी, आणि भरलेल्या उसाच्या शेवटच्या टोकावर बांधायची सवय लावा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर पट्टी मागच्या ट्रॉलीला. बैलगाड्यांना जूवर आणि मागं साठ्याला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. परिवहन कार्यालय हंगामात कारखान्यावर रिफ्लेक्टरची मोहीम घेतं, त्या दिवशी तुमच्या गावचे ट्रॅक्टर तिथं न्या, टेपाचा खर्च वाचेल.

मांजराकाठ:
पंक्चर होऊन रात्रभर रस्त्यावर सोडलेली ट्रॉली? त्याला पट्टी काय करणार?

रेडियमवाला_लातूर:
बरोबर आहे. ट्रॅक्टर सोडवून नेला की बॅटरी गेली, दिवे गेले, उरतो फक्त टेप. मागं पन्नास पावलांवर टेप लावलेलं पोतं किंवा त्रिकोण उभा करायचा. दगड ठेवू नका. ट्रॉली सकाळी जाते, दगड तिथंच राहतात, आणि पुढचा गाडीवाला त्यावर जातो.

दहा_बाराचा_पाना:
गाड्या तपासायला दहा हजार रुपये ठेवा. गावातल्या मेकॅनिकला एक दिवस पारावर बसवा.

मागचा ब्रेक: ड्रमच्या झाकणावर बाण असतो. पायडल दाबल्यावर बाण खुणेच्या पुढं गेला की ब्रेक शू संपले. आपली मंडळी शू न बदलता मागचा नट आवळत राहतात. मग शू फाकवणारा आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि एक दिवस जोरात दाबल्यावर परत येत नाही, चाक जाम. शू नवीन टाकल्यावर पायडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा आणि स्टँडवर चाक हातानं मोकळं फिरतंय बघा.

मागचा दिवा: बल्ब बारा व्होल्ट, २१/५ वॅटचा, दोन तारांचा. बऱ्याचदा २१ ची तार उडालेली असते. दिवा लागलेला दिसतो म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण ब्रेक दाबला तरी उजेड वाढत नाही. आत गाळ बसलेला असतो, काच खोलून धुवा.

हेडलाइट: गाडीवर एक माणूस मागं बसवूनच सेट करा. रिकाम्या गाडीवर सेट केलेला झोत डबलशीट बसलं की वर जातो, समोरच्याच्या डोळ्यात.

हवा: माणूस एकटा असेल तर बहुतेक शंभर-सव्वाशेच्या गाड्यांना पुढं २५, मागं २८-२९ पीएसआय. डबलशीटला मागचा आकडा बराच वर जातो, तो गाडीच्या स्टिकरवर असतो. चेन जिथं सगळ्यात ताठ लागते तिथं खालच्या बाजूनं अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. तिला ९० नंबरचं गिअर ऑइल, इंजिनचं काळं तेल नको, त्यात कचराच असतो.

आशा_परळी:
बायकांचं कुणी बोललंच नाही. साडीगार्ड काढून ठेवलेल्या गाड्या आधी बघा. मागचं निम्मं चाक झाकणारा गार्ड नियमातच आहे, पण शोसाठी काढतात. पदर चाकात गेला की बाई मागच्या मागं डोक्यावर पडते. बसताना पदर कमरेला खोचून, ओढणी समोर गाठ मारून. मागं बसणारीलाही हेल्मेट कायद्यानं लागतंच. निम्म्या किमतीच्या यादीत मागच्या माणसाचं नाव आधी लिहा.

लेकरांचं: चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढं हेल्मेट, आणि वेग चाळीसच्या आत, असा २०२२ चा केंद्राचा नियम आहे. साडीगार्ड डावीकडंच असतो. मधे बसवलेल्या लेकराचा पाय उजव्या बाजूनं तारांत जाऊन टाच सोलून निघते. तिथं जाळी बसवून घ्या, वेल्डरचं अर्ध्या तासाचं काम.

काळीमाती_केज:
ताई, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. यादीत घेतो. अपघात झालाच तर पोरांनी काय करायचं?

ट्रॉमा_ड्यूटी:
दोघांच्या मधे बसवून मोटरसायकलवरून आणू नका. हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त नडतं. मान मोडलेली असेल तर त्या पाच किलोमीटरमध्ये हातपाय जातात. श्वास चालू असेल तर हेल्मेटही काढू नका, फक्त काच वर करा. श्वास घेता येत नसेल तरच काढायचं, एकानं मान-जबडा खालून धरून, दुसऱ्यानं हेल्मेट सरळ ओढून. रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. हळद, चहापत्ती, डिझेल काही नको. पाणी पाजू नका, लगेच भूल द्यायची वेळ येऊ शकते.

१०८ ला सांगताना रस्ता, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि फाट्याचं नाव. "पुलाच्या अलीकडं" म्हटलं तर अलीकडं कुणाच्या बाजूनं? किती जण, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, एवढं सांगा. एक पोरगा फाट्यावर बॅटरी घेऊन उभा करा. पोलिसांच्या ११२ लाही कळवा, कारण मे २०२५ पासूनची दीड लाखापर्यंतची, पहिल्या सात दिवसांच्या उपचाराची कॅशलेस योजना पोलिसांच्या नोंदीवर चालते. मदत करणाऱ्याला साक्षीदार व्हायची किंवा नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ. हे पोरांना पाठ करायला लावा, भीतीनंच लोक पुढं येत नाहीत.

उलटंही सांगते. खरचटलं, पाय मुरगळला तर १०८ अडवू नका आणि थेट स्वाराती गाठू नका. जखम वाहत्या पाण्यात साबणानं धुवून धनुर्वाताचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्या. मात्र डोक्याला मार लागून उलटी झाली, झोप यायला लागली किंवा मधलं काही आठवेना, तर जखम दिसत नसली तरी मोठा दवाखाना.

मांजराकाठ:
आणि रक्तदान शिबिर? दरवर्षी गणपतीत घेतोच आपण.

ट्रॉमा_ड्यूटी:
तिथंच अडचण आहे. सगळी मंडळं गणपतीत आणि शिवजयंतीत घेतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यानंतर टाकून द्याव्या लागतात. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, दाते गायब, आणि लग्नसराईत अपघात जोरात. तुमचं शिबिर मे महिन्यात ठेवा, सकाळी सात ते दहा. तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, मनानं नको.

काळीमाती_केज:
ठरलं. तीस हजार हेल्मेटला, पंधरा हजार टेप आणि पट्ट्यांना, दहा हजार गाड्यांच्या तपासणीला आणि जाळ्यांना, पाच हजार हाताशी. कापडाच्या पट्ट्या शिवायला गावातल्या बचत गटाला देतो. एकच विचारायचं राहिलं, ट्रॅक्टरवाले ऊसतोडीच्या मुकादमाच्या हाताखालचे, गाव बदलतात. पट्टी बांधायचं त्यांना कोण सांगणार?

रेडियमवाला_लातूर:
तोडणीच्या फडात भरणीला जो असतो तोच. पट्ट्या ट्रॅक्टरवाल्याला देऊ नका, ज्याचा ऊस आहे त्या शेतकऱ्याकडं द्या. गाडी त्याच्या बांधावरून निघताना बांधली नसेल तर निघू द्यायची नाही. कारखान्याच्या गव्हाणीत गाडी रिकामी झाली की पट्टी ड्रायव्हरच्या सीटखाली, दुसऱ्या खेपेला परत त्याच बांधावर.