चोर्ला घाटात इंजिन तापतं, वॉटर पंप बदलताना अजून काय काय बदलू?

खानापूरकर: मंडळी, जुना सहाचाकी डिझेल ट्रक हाय. सपाटीला तापमानाचा काटा बरोबर, चोर्ला घाट चढताना लाल पट्टीत. पंपाखालच्या भोकातून थेंब पडतात. मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकूया. काढू का?

निपाणीकर: दादा, थर्मोस्टॅट अजिबात काढू नका. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाटही बंद करतो. काढला तर काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरतं, आणि चढावर ताप वाढतो. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासा. त्यावर कोरलेल्या अंशाला उघडायला लागला नाही तर नवा घाला.

थेंब म्हणजे पंपाचं सील गेलंय, पंप बदलाच. सोबत दोन्ही होज (रेडिएटरचे रबरी पाइप), क्लिप आणि फॅनबेल्ट. खालच्या होजमधली स्प्रिंग गंजली असेल तर रेस दिल्यावर होज चपटा होतो, पाणी अडतं. पंपाच्या सांध्यातलं जुनं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) पूर्ण खरवडा. सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात.

चिकोडीकर: आणि रेडिएटर? बोअरचं पाणी घातलं असेल तर आत क्षार साचलेला असणार. कोअर (आतल्या नळ्यांची जाळी) उघडून साफ करून घ्या, नाहीतर नवा पंप घालूनही घाटात तेच. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हळूहळू. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर (रेस न देता) चालवा, वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबले की पातळी भरा. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर तेही नवं. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीच उघडू नका.