एडीएचडी : औषधांखेरीज घरी काय करता येईल?

प्रश्न : माझ्या 7 वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता) असल्याचे निदान झाले आहे. गृहपाठाला बसवले की दोन ओळी लिहून तो उठतो आणि मग दोघांचाही आवाज चढतो. औषधांबाबत डॉक्टरांशी बोलणे चालू आहेच. परंतु घरी आम्ही काय करावे?

प्रतिसाद 1 : लांबून ओरडून सूचना देऊ नका, जवळ जाऊन, नजरेला नजर मिळवून एका वेळी एकच गोष्ट सांगा. नुसते 'आवर' म्हणण्याऐवजी 'वह्या दप्तरात ठेव' असे सांगावे आणि त्याने तसे केल्याबरोबर तिथल्या तिथे कौतुक करावे, कारण आठवड्याअखेरच्या बक्षिसापर्यंत धीर धरणे या मुलांना फार जड जाते.

प्रतिसाद 2 : सहमत आहे. गृहपाठ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत घ्या आणि मध्ये त्याला मनसोक्त उड्या मारू द्या. झोपेची वेळ मात्र सुट्टीतही ढळू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 3 : अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 6 वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे वर्तनविषयक प्रशिक्षण हा पहिला उपाय आहे, तर त्यापुढील वयात औषधे आणि वर्तनोपचार यांची जोड सुचवली आहे. त्यामुळे गोळ्या सुरू झाल्याच, तर घरी फरक दिसू लागला म्हणून त्या परस्पर बंद करू नका.